बिनझाडाची झोळी

माझा स्वभाव पहिल्यापासून फटकळ. कुणी "हे असंच असतं" म्हणालं की माझं डोकं फिरतं. बाहत्तरच्या दुष्काळात शिरूरकडच्या माळावर आम्ही खडी फोडायला गेलो, तेव्हा तिथल्या एका बाईनं माझ्या कडेवरच्या पोरीकडं बघून सांगितलं, "हितं पोरं उन्हातच ऱ्हात्यात बाई. असंच असतं." तिचं ते वाक्य दिवसभर माझ्या डोक्यात घणासारखं वाजत राहिलं.

रस्त्याचं काम होतं. गावापासून इतकं लांब, की रोज येणं-जाणं शक्यच नव्हतं. बाजाराच्या दिवशी घरी जायचं, पीठमीठ घेऊन परत यायचं आणि पुढच्या बाजारापर्यंत माळावरच गोणपाटाच्या पालात राहायचं. रस्ता पुढं सरकला की पालंही पुढं सरकायची. सोबत माझ्या सासूबाई होत्या. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. आमचे मालक दौंडला रेल्वेत होते, इंजिनात कोळसा भरायच्या कामावर. सुटीला यायचे. घरात एक पगार होता म्हणून आम्ही इतरांपेक्षा बऱ्या, असं लोक म्हणत. पण त्या पगारावर दौंडला ते आणि गावाकडं दोन दीर, एवढी तोंडं होती. आम्हा दोघींना हातोडा उचलावाच लागला.

त्या माळावर झाड नव्हतं. होत्या त्या चार बाभळी आमच्या आधी आलेल्या लोकांनी चुलीला लावल्या होत्या. आता हे ज्यानं तान्ह्या पोरासकट उन्हाळा काढलाय त्यालाच कळेल. गावात शेताला गेलं तरी लिंबाच्या नाहीतर बाभळीच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधायची, पोर त्यात टाकायचं आणि खुरपं हातात घ्यायचं, इतकं सोपं असतं. इथं बांधायचं कशाला? खाली ठेवावं तर दगड उचलला की विंचू. शेजारी ठेवावं तर खडीचा तुकडा उडून डोळ्यात जायची भीती. पालात ठेवावं तर गोणपाटाखाली नुसती भट्टी, आणि पाल कामापासून लांब.

माझा भाऊ राहू नावाच्या गावी. नदीकाठचं गाव, विहिरींना तळाशी का होईना पाणी होतं, दावणीला गाय होती. माझ्या वहिनीला लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं. भाऊ आधीच सांगून गेला होता, "पोरगी आमच्याकडं दे. दुस्काळ सरला की ने." त्यानं मनापासून सांगितलं होतं, पण मला ते नको होतं. ती माझी पहिली. पाच महिन्यांची होती, अंगावर पीत होती. ती माझ्या नजरेसमोर राहायला हवी होती, आणि ती राहायची तर तिला झाडाशिवाय टांगायची सोय मला करायलाच हवी होती. एवढाच प्रश्न होता.

पहिली झोळी मी तीन काठ्यांची केली. वर एकत्र बांधलेल्या, खाली फाकवलेल्या, मध्ये झोळी. वरून पटकूर टाकलं. झोळी टांगली गेली खरी, पण पटकुरानं वारा अडला आणि पोरीच्या मानेवर घामोळं उठलं. पटकूर वर केलं तर ऊन तोंडावर. शिवाय तीन काठ्यांच्या मधल्या जागेत झोळी अशी गोळा होऊन लोंबायची, की पोरगी आत गाठोड्यासारखी वाकडी पडायची. आत्याबाई म्हणाल्या, "तू तिला निजवलीया का लोणच्यावानी मुरवाया ठेवलीया?"

मग मी दोन टोकांना दोन कैच्या करायचं ठरवलं. दोन काठ्या एकमेकींवर तिरक्या टाकून वरच्या बाजूला बांधल्या की कैची होते. अशा दोन कैच्या समोरासमोर उभ्या करायच्या, त्यांच्या खाचेत आडवा दांडा टाकायचा आणि दांड्याला झोळी लांबोडकी बांधायची. म्हणजे पोरगी सरळ निजेल. आडवा दांडा दोन्हीकडं हातभर बाहेर ठेवायचा आणि त्याच्यावरून जुनं धोतर पसरायचं, पण झोळीला टेकू द्यायचं नाही. मधून वारा खेळायला हवा. धोतराची टोकं दोन बाजूंना दगडांना बांधायची. माळावर मुरूम इतका कडक की खुंटी ठोकली तर खुंटीच फुटायची, म्हणून सगळं आपल्याआपण उभं राहायला हवं होतं. कैचीचे पाय पसरून खाली बसू नयेत म्हणून पायापायांत दोरी ताणून बांधायची.

हे सगळं मी मातीत काडीनं रेघोट्या मारून आत्याबाईंना दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "व्हय, पन उचलणार कोन? तुजा बा?"

त्यांचं खरं होतं. गोठ्यातले जुने बांबू आणून केलं, तर ते उभं छान राहिलं, पण हलवायला दोन माणसं लागायची. सूर्य कलला की सावली सरकायची आणि कामाची जागा दर दोन-तीन दिवसांनी पुढं जायची. एका काखेत पोर, दुसऱ्या हातात हातोडा आणि डोक्यावर बांबू, हे माझ्या बापालाही जमलं नसतं.

हलकं लाकूड मालकांनी आणलं. सुटीला आले, मी रडगाणं गायलं आणि ते म्हणाले, "घायपाताचे दांडे चालतील का?" दौंडच्या लाइनीच्या कडेनं घायपाताची रांगच्या रांग होती. घायपात म्हणजे ते काटेरी टोकाच्या जाड पानांचं. आयुष्यात एकदाच त्याला मधोमध माणसाच्या दीडपट उंच दांडा येतो, वर फुलं येतात आणि मग झाड मरतं. दांडा मात्र वाळून उभाच राहतो. पुढच्या सुटीला त्यांनी एसटीच्या टपावर टाकून भाराभर दांडे आणले. कंडक्टरनं विचारलं म्हणे, "काय वो, तंबू ठोकताय का?" हातात घेतला तर दांडा पोकळ असल्यासारखा हलका! मी एक एका बोटावर तोलून धरला आणि सगळ्या बायांना दाखवत फिरले.

अर्धवट ओला दांडा वाकतो हे मला पहिल्याच दिवशी कळलं. तो बाजूला टाकला आणि आडव्याला दोन वाळके दांडे एकत्र करकचून बांधून घेतले. दोरी घायपाताच्याच वाखाची, म्हणजे पानांच्या तंतूंची, वळली. आत्याबाईंचा हात त्यात बसलेला होता. कैचीची गाठ मी अशी बांधली की पाय मिटले की सगळ्याचा एक भारा व्हावा आणि उघडले की उभं राहावं. तो भारा एका हातानं डोक्यावर चढायचा.

आता ती झोळी पोरीचं वजन पेलते का, हे बघायचं होतं. मी रिकामीच हलवून बघायला गेले तर आत्याबाईंनी माझा हात धरला. "रिकामी झोळी हालवू नगं! पोरीचं पॉट दुखंल." हे आमच्याकडं कुणीही सांगेल. मी फटकळ असले तरी पोरीच्या पोटाच्या बाबतीत धाडस करणाऱ्यातली नव्हते. मग त्यांनी पालातून वरवंटा आणला. बारशाला पाळण्यात आधी वरवंटा घालतात, बाळासारखा पदरात गुंडाळून, मग बाळ. तसाच त्यांनी तो फडक्यात गुंडाळला, झोळीत ठेवला आणि हसून म्हणाल्या, "घे, माजा पैला नातू." वरवंटा जवळपास पोरीच्याच वजनाचा होता. आम्ही झोळी हलवली, जोरात झोके दिले, दांड्याला धरून दाबलं. घायपात करकरलं, पण हललं नाही. मग पोरगी ठेवली. तिनं एकदा वर सावलीकडं बघितलं आणि झोपली. मला इतका आनंद झाला होता की मी त्या दुपारी दुप्पट खडी फोडली असेल.

आठ-पंधरा दिवसांत माळावर तशा झोळ्याच झोळ्या झाल्या. दौंडच्या लाइनीचं घायपात बोडकं झालं असणार. मुकादम लांबून आला की म्हणायचा, "ही खडी फोडायची जागा हाय का पाळणाघर?" पण त्याच्याही भाचीचं पोर एका झोळीत होतं. बाया मला हाका मारून विचारायच्या, गाठ कशी, दांडा केवढा, धोतर कितपत वर. मी जरा फुगलेच होते. सातवीपर्यंत शिकले होते, पण आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला काहीतरी विचारत होतं. नवीन झोळी उभी राहिली की वरवंटा आमचाच जायचा. आत्याबाई तो फडक्यात गुंडाळून स्वतः घेऊन जायच्या, मानानं. कुणीही रिकामी झोळी हलवली नाही आणि कुणाचीही झोळी वरवंट्याच्या वजनानं पडली नाही.

पडणार कशी? वरवंटा आपला तळाला पडून राहतो. तो उठून बसत नाही. त्याला आई दिसत नाही.

पोरगी आठव्या महिन्यात होती. दुपारची वेळ, मी तिच्यापासून दहा-बारा हातांवर पाठमोरी बसलेले. ती जागी झाली असावी आणि न रडता उठून बसली असावी. पोरं आधी रडतात आणि मग उठतात, असं मी धरून चालले होते. ही तशी नव्हती. एक बाई "अगं, पोर!" म्हणून ओरडली तेव्हा मी मान वळवली. ती झोळीत उभी होती. एका हातात आडवा दांडा धरलेला, अर्धं अंग झोळीच्या बाहेर, माझ्याकडं बघून हसत होती. पुढच्या क्षणी अख्खी झोळी एका अंगावर कलली आणि हलक्या दांड्यांसकट, धोतरासकट, पोरीसकट खडीच्या ढिगावर गेली. ज्या हलकेपणाचं मी कौतुक करून घेत होते, त्यातच तो घात होता. ते उभं होतं ते नुसत्या लोंबत्या वजनावर. वजन वर उठलं आणि कडेला गेलं, की त्याचे पाय जमिनीला धरून ठेवील असं काहीच नव्हतं.

भुवईवर खोक पडली होती. रक्त इतकं की डोळाच गेला असं मला वाटलं. आत्याबाईंनी धावत येऊन पदर दाबला. शिरूरला दवाखान्यात नेलं, टाके पडले. डोळा शाबूत होता. डॉक्टर म्हणाले, बोटभर खाली असतं तर. त्या "तर"नं मला हादरवून सोडलं.

मालक दौंडहून आले. निरोप राहूला गेला, भाऊ आला. सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, पोरीला राहूला ठेवायची. मी नाही म्हटलं नाही. त्या दोन दिवसांत माझा सगळा फटकळपणा कुठं गेला होता कोण जाणे. डोळे मिटले की झोळी कलताना दिसायची. एकट्या आत्याबाई म्हणत होत्या, "आगं, पोरं पडत्यातच. ऱ्हाऊ दे तिला. काय तरी करू आपन." मी त्यांच्यावरच डाफरले, "आनखी काय करायचं ऱ्हायलंय?"

भीमेच्या पात्रात त्या वर्षी घोट्याएवढंच पाणी होतं. आम्ही चालतच ओलांडली. पोरगी माझ्या खांद्यावर, डोक्याला पांढरी पट्टी. राहूला पोचलो तेव्हा वहिनी दारात उभी होती. तिनं हात पुढं केले आणि पोरगी पटकन गेली तिच्याकडं. मला बरं वाटलं. खरंच सांगते, तेव्हा मला बरंच वाटलं. मी दोन दिवस राहिले, तिला वाटीनं गाईचं दूध प्यायची सवय लावली आणि ती झोपलेली असताना निघाले. माहेरच्या बायांनी तसंच सांगितलं होतं, जागेपणी निघू नको म्हणून.

माळावर परत आले. छाती दुधानं ठणकत होती, अंग तापलं होतं. आणि तिथं बघते तर सगळ्या झोळ्या उभ्या. आत पोरं झोपलेली. प्रत्येक कैचीच्या पायाला गोणपाटाची पिशवी लटकत होती, आणि पिशवीत खडी. आमची पोरगी पडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी बायांनी ते केलं होतं. एकीनं मला बोलावून दाखवलंसुद्धा, तिचं वर्षाचं पोर आत उभं राहून नाचत होतं आणि झोळी जागची हलत नव्हती. "बग की, आता हत्ती बशिवला तरी पडायची न्हाई," ती म्हणाली. तिला माझी थट्टा करायची नव्हती. मी केलेली वस्तू तिनं पुरी केली होती आणि ते मला दाखवत होती.

अख्ख्या माळावर दगडांशिवाय दुसरं काही नव्हतं. आम्ही दिवसभर दगडच फोडत होतो. मला ते पायाला बांधायचं सुचलं नाही. तिथं खडीच्या ढिगावर बसून मी ढसाढसा रडले. आत्याबाई पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. त्या म्हणाल्या, "जा, आन जा तिला. मी हाय." मी उठलेसुद्धा. मग मनात आलं, तिथं गाईचं दूध आहे, नदीचा वारा आहे, इथं रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि कामावर वाटतात ती सरकारी सुकडी. आता ती रुळली असेल. परत उन्हात आणून काय मिळवणार? हा विचार चुकीचा होता असं आजही कुणी म्हणणार नाही. म्हणून तर तो इतका बोचतो.

थोडे दिवस म्हणून ठेवलेली पोरगी दुष्काळ सरेपर्यंत तिथंच राहिली. काम संपलं तेव्हा मला दिवस गेले होते. सगळे म्हणाले, बाळंतपण होऊ दे, मग आण. मुलगा झाला. मग त्याला गोवर. मग माझीच तब्येत. मध्ये मध्ये मी राहूला जायची, चार दिवस राहायची. ती माझ्याशी चांगलं खेळायची, पाहुण्यांशी खेळतात तशी. स्वतःला आई म्हणायला वहिनीनं तिला शिकवलं नव्हतं, हे मला पक्कं माहीत आहे. उलट माझ्याकडं बोट दाखवून ती सांगायची, "ती बग तुजी आई." पण पोर ज्याच्या हातानं जेवतं त्यालाच आई म्हणतं, त्याला शिकवावं लागत नाही.

शाळेत घालायच्या वेळी मी तिला आणायला गेले. वहिनीनं तिची वेणी घातली, नवीन परकर नेसवला, आणि यवतला बसपर्यंत पोचवायला आली. बस सुटली तेव्हा पोरगी खिडकीतून "आई, आई" करत हात बाहेर काढून रडत होती आणि मी तिला कमरेला धरून बसले होते. बसमधली एक म्हातारी मला म्हणाली, "आईला सोडून चालवलंया का लेकरू? कोन लागतीस तू?" मी सांगितलं, "आत्या."

का सांगितलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्या गर्दीत खरं सांगायची लाज वाटली असावी.

घरी आल्यावर ती मला काहीच म्हणत नसे. काही हवं असलं की नुसतं "ए" करून पदर ओढायची. मला आई म्हणायला ती तिच्या धाकट्या भावाकडून शिकली, तोही अजून बोबडा बोलत होता. पुढं सगळं सुरळीत झालं. शिकली, नोकरीला लागली, लग्न झालं, मुलं झाली. माझ्याशी कधी वाकडं बोलली नाही. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन तिनंच करवून आणलं, पंधरा दिवस रजा काढून. माझ्यासमोर वहिनीला ती मामी म्हणायची. सुट्टीत राहूला गेली की काय म्हणत असेल ते मी कधी विचारलं नाही. आत्याबाईंनी मात्र मरेपर्यंत मला एका शब्दानं टोचलं नाही. त्यांनी टोचलं असतं तर मी भांडले असते आणि थोडी मोकळी झाले असते.

दोन वर्षांपूर्वी वहिनी आजारी पडली. भाऊ आधीच गेला होता. मुलगी तिच्याजवळ जाऊन राहिली होती. मी जाऊन भेटून आले होते, आणखी दोन दिवसांनी परत जाणार होते. सकाळी चहा ठेवत होते तर फोन वाजला. मुलीचा आवाज घोगरा झाला होता.

"आई गेली गं," ती म्हणाली.

मी इकडं चहाखालचा गॅस बंद केला. बोलल्यावर आपण कुणाला काय म्हणालो ते तिच्या लक्षात आलं असावं. पन्नाशीची बाई ती, पण लहान पोरीसारखी मुसमुसायला लागली. तिला जवळ घ्यावं असं मला इतकं वाटलं! पण तिला ज्या बाईनं जवळ घ्यायला हवं होतं ती मी नव्हते, आणि हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

मी म्हटलं, "रड बाई. तुझी आई गेलीय."